कानात वारं शिरतं तेव्हा : बाईकवर असताना कान कसे जपता?

आडवाट

नमस्कार मंडळी.

मागच्या महिन्यात बहिणीनं फोनवर एक नंबर लिहून घ्यायला सांगितला. शेवटी 'साठ'. मी लिहिलं 'आठ'. तिनं परत सांगितलं, मला परत 'आठ'च ऐकू आलं. तिसऱ्या वेळी ती वैतागून म्हणाली, "अरे दादा, सहावर शून्य!" फोन खराब असेल म्हणून मी सोडून दिलं. मग घरातही लक्षात यायला लागलं. 'सात' म्हणाले की 'हात', हे समोरच्याच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय कळेना. ताप मोजायच्या यंत्राची पिपपिप बायकोला शेजारच्या खोलीत ऐकू येते, मला हातात धरूनही नाही.

कान तपासून घेतले. आलेखात २००० हर्ट्झपर्यंत दोन्ही कान ठीक. ४००० ला रेघ खड्ड्यात पडल्यासारखी खाली गेलेली : डावा कान ४५ डेसिबल, उजवा ३५. ८००० ला पुन्हा थोडी वर आलेली. तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, कारखान्यात काम करता? नाही. कधी बंदूक चालवलीत? नाही. कानात मोठ्यानं गाणी? नाही. मग त्यांची नजर मी खुर्चीवर ठेवलेल्या हेल्मेटकडे गेली आणि म्हणाल्या, "ही गाडी किती वर्षं चालवताय?"

चौदा वर्षं. रोज जाऊन येऊन ५० किमी आणि सुट्टीला ३००-४०० किमीची रपेट.

हेल्मेट, जाकीट, हातमोजे, गुडघ्यांचं कवच, सगळं मी चोख वापरतो. पण चौदा वर्षांत कानांबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता आणि मीही विचारलं नव्हतं. लांबच्या रपेटीनंतर रात्री कानात गुंई व्हायची, उशीवर डोकं टेकलं की जास्तच. सकाळी थांबायची. थांबते म्हणजे बरं झालं, असं वाटायचं.

गेलेलं परत येत नाही, असं त्या म्हणाल्या. उरलेलं जपायचंय. म्हणून दोन प्रश्न. तुम्ही कानांसाठी नेमकं काय वापरता? आणि कान बंद करून चालवताना हॉर्न, मागून येणारी गाडी, रुग्णवाहिका ऐकू येते का? दुसऱ्या प्रश्नापाशी माझं घोडं अडलंय.

गिअरबदल

फोमचे बोळे. सहा वर्षं झाली. त्याशिवाय आता किल्ली फिरवत नाही.

निरभ्र

आडवाट, वाचून वाईट वाटलं. काळजी घ्या.

पण कान बंद करून रस्त्यावर उतरणं मला पटत नाही. आरसे मागचं दाखवतात, पण बाजूला एक आंधळी जागा राहतेच. तिथं कानच कामाला येतात. दोन वर्षांपूर्वी एक ट्रक माझ्या डाव्या खांद्याला लागून आत घुसत होता. आरशात दिसला नाही, त्याच्या टायरांचा आवाज आधी आला म्हणून मी वाचलो. हा अनुभव मी विसरू शकत नाही. त्यापेक्षा चांगलं हेल्मेट घ्यावं, वेग आवरावा, असं माझं मत.

मुक्कामपोस्ट

निरभ्रशी सहमत. शिवाय आवाज सायलेन्सरचाच जास्त असतो ना? कंपनीनं दिलेला सायलेन्सर ठेवला तर एवढा त्रास व्हायला नको.

ध्वनिलहर

मुक्कामपोस्ट, बहुतेकांचा हाच समज असतो. ध्वनी हा माझा कामाचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साधारण ६० किमी वेगापर्यंत इंजिन आणि सायलेन्सर यांचा आवाज पुढे असतो. त्यानंतर वारा त्यांच्यावर मात करतो आणि पुढे त्याचंच राज्य. हवा हेल्मेटच्या गोलाईवरून, खालच्या कडेवरून, व्हायझरच्या फटीवरून सुटते तेव्हा तिचे भोवरे होतात. हे भोवरे कवचावर थपडा मारतात आणि कवच ती गुरगुर आत पोचवतं. कवचाच्या आत कानाशी मोजलं, तर १०० किमी वेगाला ९५ ते १०० डेसिबल भरणं अगदी नेहमीचं आहे. १२० ला शंभरी ओलांडते. हेल्मेट, गाडी, चालवणाऱ्याची उंची यांप्रमाणे आकडा थोडा खालीवर होतो.

डेसिबल ही सरळ बेरजेची मोजपट्टी नाही. ३ वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट, १० वाढले की दहापट. अमेरिकेत नायॉश ही कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे. तिची मर्यादा ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास अशी आहे आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, १०० ला पंधरा मिनिटं.

म्हणजे तुम्ही सकाळी निघून पहिल्या थांब्यावर पोचायच्या आत दिवसभराचा वाटा संपलेला असतो. पुढचे पाच तास वरकड.

मुक्कामपोस्ट

पंधरा मिनिटं? मी तर चार-चार तास सलग चालवतो. हे कुणी सांगितलंच नव्हतं.

श्रुतीवाक्

मी श्रवणतज्ज्ञ आहे. आडवाट यांनी आलेखाचं जे वर्णन केलंय ना, ४००० ला खड्डा आणि ८००० ला थोडं वर, ती आवाजानं झालेल्या इजेची ओळखीची खूण. वयानं कमी होणारं ऐकू येणं असं वर येत नाही, ते ८००० कडे घसरतच जातं.

आतल्या कानात, शंखासारख्या वळणाच्या नळीत, साधारण पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. इतक्या मोजक्या. एका कानाला मिळालेली ही जन्मभराची पुंजी. माणसात त्या मेल्या की नव्या येत नाहीत. वाऱ्याची गुरगुर खालच्या स्वरांची असली, तरी मार बसतो तो मुख्यतः ३००० ते ६००० च्या पट्ट्याला, कारण कानाची नळी आणि आतली रचना तोच भाग उचलून धरते. 'स', 'श' यांसारखी व्यंजनं या वरच्या पट्ट्यात असतात. स्वर खाली असतात, म्हणून माणूस बोलतोय हे कळतं पण काय बोलतोय ते निसटतं. 'साठ'मधला 'स' गळला की 'आठ' उरतं. आडवाट, तुमच्या बहिणीच्या फोनला काही झालं नव्हतं.

आता त्या गुंईबद्दल. सकाळी थांबते म्हणून बरं झालं, हे वाक्य मी रोज ऐकते आणि रोज जीव तुटतो. रपेटीनंतर कानात शीळ वाजणं, सगळं गोधडीखालून ऐकू आल्यासारखं वाटणं म्हणजे पेशी दमल्यात. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत ऐकू येणं पूर्ववत होतं. पण २००९ साली कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिलं की मोजणी पूर्ववत झाली तरी केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यामधले काही जोड कायमचे तुटलेले असू शकतात. म्हणजे 'सगळं ठीक' असं आलेख सांगतो तेव्हाही आत झीज झालेली असू शकते.

आणि एक कळकळीचं सांगणं : एका कानानं अचानक ऐकू येणं कमी झालं, तर आठवडाभर वाट बघत बसू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जा. तिथे उशीर महागात पडतो.

टप्पाटप्पा

उत्तम प्रतिसाद, ताई. वाचनखूण साठवली.

माझा बाळबोध प्रश्न : कापसाचे बोळे चालतील का? आमच्याकडे आजोबा थंडीत स्कूटरवर तेच घालायचे.

श्रुतीवाक्

वाऱ्याचा गारवा अडवायला ठीक. आवाजासाठी नाही. कापूस सच्छिद्र असतो, आवाज त्यातून सहज जातो. त्यात वाईट हे की कान झाकल्यासारखे वाटतात, म्हणून माणूस निर्धास्त होतो.

गिअरबदल

निरभ्र, तुमचा ट्रकचा अनुभव नाकारत नाही. पण तेव्हा तुमचा वेग किती होता?

निरभ्र

शहरातून बाहेर पडत होतो. ३०-३५ असेल.

गिअरबदल

तेच म्हणायचं होतं. ३५ ला टायरांचा आवाज ऐकू येतो. ९५ ला तुम्हाला कधी दुसऱ्या गाडीच्या टायरांचा आवाज आलाय का? मला बोळे नसताना कधीच आला नाही. तिथे कान उघडे असूनही बंदच असतात.

ध्वनिलहर

गिअरबदल यांनी नेमकं सांगितलं. प्लगमुळे वाराही कमी होतो आणि हॉर्नही. दोघांमधलं अंतर साधारण तेवढंच राहतं. पण १०० डेसिबलच्या माऱ्यात कान भांबावतो, बारीक फरक त्याला पकडता येत नाही. सगळंच ८०-८५ वर आणलं की तोच हॉर्न त्यातून सुटा होऊन ऐकू येतो. भर उन्हात डोळे किलकिले करून बघणं आणि गडद चष्मा लावून बघणं, यात जो फरक तोच इथे.

एक गोष्ट मात्र निरभ्रच्या बाजूची : साधा फोम खालच्या स्वरांपेक्षा वरचे स्वर जास्त खातो. त्यामुळे आवाज दबका, मातकट वाटतो. गाळणीवाले प्लग मिळतात, त्यांच्या मधोमध बारीक वाट असते आणि ते सगळ्या पट्ट्यात बऱ्यापैकी सारखंच कमी करतात. एकूण अडवणूक फोमपेक्षा कमी, पण आवाजाचा बाज टिकतो.

श्रुतीवाक्

यालाच जोडून आडवाट यांच्यासाठी : तुमचे वरचे स्वर आधीच कमी झालेत. त्यावर फोमनं अजून कात्री लावली, तर सायरन नीट कळणार नाही अशी शक्यता आहे. तुम्ही गाळणीवाल्यांपासून सुरुवात करा. किंवा कानाचा साचा घेऊन बनवलेले सिलिकॉनचे प्लग. साचा घेताना आधी कानात खोलवर छोटा अडसर ठेवतात, मगच लगदा भरतात. हे घरी करायचं काम नाही.

कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल, तर कुठलाच प्लग आधी विचारल्याशिवाय घालू नका.

चाकोरीबाहेर

मी फोम वापरून सोडले. दहा किमी जात नाही तर बाहेर येतात, आणि आवाज पाच टक्केही कमी होत नाही. पाकिटावर ३३ डेसिबल लिहिलेलं. कुठे गेले ते ३३?

गिअरबदल

चाकोरीबाहेर, पैज लावून सांगतो की तुम्ही बोट लावून आत ढकलताय. मीही पहिले सहा महिने हेच करत होतो.

हात धुवा. बोळा दोन बोटांत धरून सुरकुती न पडता लोळवा, वातीसारखा बारीक होईपर्यंत. घाई नको. उजव्या कानात घालायचा असेल तर डावा हात डोक्यावरून नेऊन उजव्या कानाची पाळी वर आणि मागे ओढा. त्यानं कानाची वाकडी नळी सरळ होते, सगळी गोम यातच आहे. आता बोळा झटकन आत सारा आणि बोटानं वीस-तीस सेकंद धरून ठेवा. तो फुगतो तसा बाहेरचा आवाज विझत जातो, अगदी ऐकू येतं विझताना.

नीट बसला का हे बघायला दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबा आणि सोडा. आवाजात मोठा फरक पडला तर बोळा नीट बसलेला नाही, काढा आणि परत घाला. आरशात समोरून बघितलं तर टोक बाहेर डोकावायला नको. डोकावलं तर हेल्मेट घालताना त्यालाच घासणार आणि ओढून बाहेर काढणार. तुमचे दहा किमीत बाहेर येतात त्याचं कारण हेच असणार.

काढताना गोल फिरवत हळूहळू. हिसका दिला तर पडद्यावर ताण येतो आणि दुखतं.

श्रुतीवाक्

गिअरबदल यांना शंभर गुण. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठांना हे शिकवावं लागतं.

३३ बद्दल : तो प्रयोगशाळेतला आकडा, तिथे जाणकार माणूस बसवून देतो. रस्त्यावर निम्मे धरून चाला. पण निम्म्यात काय होतं ते बघा. १५ डेसिबल जरी कमी झाले, तरी १०० चे ८५ होतात. वर ध्वनिलहर यांनी दिलेल्या हिशेबानं पंधरा मिनिटांचे आठ तास.

टप्पाटप्पा

आजवर चुकलं की कानाला खडा लावायचो. आता खड्याऐवजी बोळा.

स्वरदा_क

तुम्ही सगळे पुढच्या सीटवरून बोलताय. मी मागे बसते.

मागच्याचं डोकं पुढच्यापेक्षा उंच असतं आणि पुढच्याच्या हेल्मेटवरून फुटलेली हवा थेट आमच्या कपाळावर येते. गेल्या वर्षी पाच दिवसांच्या प्रवासात नवऱ्याच्या कानात प्लग होते, माझ्या नव्हते. संध्याकाळी तो ताजातवाना आणि मी गळून गेलेली, डोकं भणभणलेलं, कुणी बोललं तरी नको वाटायचं. मला वाटायचं बसून बसून थकले. चौथ्या दिवशी त्याचीच एक जोडी घातली. त्या संध्याकाळी मुक्कामी पोचल्यावर मी सामान सोडलं, कपडे धुतले आणि वर फिरायलाही गेले. रस्ता तोच, तेवढेच तास. थकवा आवाजाचा होता.

मागे कुणाला बसवत असाल तर दुसरी जोडी खिशात असू द्या. लहान मूल असेल तर त्याच्या कानाच्या मापाची.

मुक्कामपोस्ट

हे डोळे उघडणारं आहे. बायको नेहमी म्हणते 'डोकं दुखतं', आणि मी म्हणतो 'ऊन लागलं असेल'. आज घरी गेल्यावर आधी तिची माफी मागतो.

वळणदार

विंडस्क्रीनचा विषय अजून कुणी काढला नाही, म्हणून माझा अनुभव.

माझ्या गाडीला बुटकं स्क्रीन होतं. वारा नको म्हणून दहा सेंटिमीटर उंच बसवलं. छातीवरचा वारा गेला आणि हेल्मेटमध्ये अक्षरशः ढोल वाजायला लागले. तीन महिने मी हेल्मेटला दोष देत होतो. मग एके दिवशी मोकळ्या सरळ रस्त्यावर पायाच्या खुंट्यांवर जरा उभा राहिलो. डोकं वीत-दीड वीत वर गेलं आणि ढोल थांबले, नुसती स्वच्छ सळसळ राहिली. परत बसलो, परत ढोल. तेव्हा कळलं : स्क्रीनच्या वरच्या कडेवरून फाटलेली हवा बरोबर माझ्या हनुवटीवर येऊन आदळत होती.

आता सगळ्यात बुटकं स्क्रीन बसवलंय. छातीला वारा लागतो, पण डोकं स्वच्छ हवेत असतं. माझ्यापेक्षा बुटक्या मित्राला तेच उंच स्क्रीन छान चालतं, कारण त्याचं डोकं पूर्ण आडोशाला जातं. म्हणून दुसऱ्याचं ऐकून स्क्रीन घेऊ नका. आधी खुंट्यांवर उभं राहून आणि मग टाकीवर वाकून बघा, आवाज कुठे कमी होतो ते. रस्ता रिकामा असताना आणि दोन्ही हात हँडलवर ठेवूनच.

ध्वनिलहर

वा, वळणदार. लाखातला प्रयोग.

हनुवटीचं तुम्ही म्हणालात त्याला आधार आहे. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी वाऱ्याच्या बोगद्यात हेल्मेट ठेवून बघितलं होतं, तेव्हा हनुवटीखालचा भाग हा आवाजाचा मोठा उगम निघाला. म्हणून तिथली फट बंद केली की फरक पडतो. गळ्याभोवती साधा कापडी पट्टा वर ओढून हेल्मेटच्या कडेखाली खोचला तरी. श्वास कोंडणार नाही आणि मान वळेल एवढा सैल ठेवा.

बाकी बारीकसारीक : व्हायझर पूर्ण खटक्यात बसलाय का, त्याची रबरी पट्टी सुकलीय का, वरच्या झडपा उघड्या आहेत का, हेल्मेटवर कॅमेरा चिकटवलाय का. बाहेर आलेली प्रत्येक वस्तू शीळ घालते.

चाकोरीबाहेर

हेल्मेटबद्दल माझी तक्रार. 'सर्वांत शांत' अशी जाहिरात वाचून महागातलं घेतलं. विकणाऱ्यानं एक माप मोठं दिलं, 'नंतर सुखाचं वाटेल' म्हणून. आता गालांच्या गाद्या सैल झाल्यात, मान हलवली की हेल्मेट मागून येतं आणि आवाज जुन्यापेक्षा जास्त.

गिअरबदल

नव्या हेल्मेटनं गाल थोडे दाबलेच पाहिजेत. गाद्या बसत जातात. तुमच्या हेल्मेटच्या जाड गाद्या वेगळ्या मिळतात का बघा, बऱ्याच कंपन्या देतात. पण माप खरंच मोठं असेल तर आवाज राहू दे बाजूला, अपघातात ते डोक्यावर टिकायचं नाही. बदलाच.

रोजची_फेरी

मी दिवसभर सामान पोचवायचं काम करतो. नऊ-दहा तास गाडीवर. वेग ४०-५०, हेल्मेट अर्धं, समोरून उघडं. मला हे लागू होतं का? दर दहा मिनिटांनी कुणाशी तरी बोलावं लागतं, बोळे घालून काढून चालणार नाही.

श्रुतीवाक्

रोजची_फेरी, तुम्हाला आधी लागू होतं. आवाज थोडा कमी असला तरी तास बघा. कानाला दोन्हीचा गुणाकार पोचतो. त्यात उघड्या हेल्मेटला कानाशी आडोसा नाही आणि गर्दीतले हॉर्न अगदी जवळून.

तुम्ही फोम घेऊ नका. कमी अडवणारे गाळणीवाले प्लग घ्या, त्यातून समोरच्याचं बोलणं कळतं, काढायची गरज पडत नाही. दिवसाअखेर साबणाच्या कोमट पाण्यानं धुऊन कोरडे करा. शक्य झालं तर बंद हेल्मेट. आणि वर्षातून एकदा कान तपासून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे, टोचत-बोचत काही नाही. तुमच्यासारख्यांचे आलेख लवकर हातात आले तर खूप काही वाचवता येतं.

रोजची_फेरी

धन्यवाद ताई. आमच्या टोळीत वीस जण आहेत. सगळ्यांना हा धागा पाठवतो.

टप्पाटप्पा

ध्वनिलहर, सावकाश गेल्यानं किती फरक पडतो? सावकाश गेलं की वेळ जास्त लागतो, म्हणजे आवाजही जास्त वेळ. मग फायदा काय?

ध्वनिलहर

प्रश्न बाळबोध नाही, चांगला आहे.

वाऱ्याच्या भोवऱ्यांच्या आवाजाची शक्ती साधारण वेगाच्या सहाव्या घातानं वाढते. १०० वरून ८० वर आलात तर आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो, म्हणजे ऊर्जा चौथाई. तेवढंच अंतर कापायला वेळ लागतो सव्वापट. चौथाई गुणिले सव्वा, म्हणजे कानावरचा एकूण भार एक तृतीयांशाच्याही आत. शंभर किमीच्या प्रवासाला पंधरा मिनिटं जास्त आणि कानाला दोन तृतीयांश सूट.

इथे वेग म्हणजे हवेच्या तुलनेतला. समोरून २० चा वारा असेल तर काट्यावर ८० असूनही कानाला १०० च.

वाटसरू७

अवांतर : मी इंटरकॉमवर गाणी ऐकतो, त्यात वारा ऐकूच येत नाही. तेही संरक्षणच ना?

श्रुतीवाक्

नाही हो! वारा ९५ असेल तर गाणं त्याच्या वर चढवल्याशिवाय ऐकू येणार नाही. म्हणजे कानात ९५ आणि वर गाणं. प्लग घालून त्यावरून इंटरकॉम ऐका. वारा दबतो, त्यामुळे वाटाड्याचा आवाज मध्यम ठेवूनही स्पष्ट येतो. आणि दोन्ही कानांत इअरफोन घालून चालवायला पुष्कळ ठिकाणी कायद्यानं मनाई आहे, ते बघून घ्या.

निरभ्र

पंधरा दिवसांनी धागा वर आणतोय, कारण मी विरोधात लिहिलं होतं आणि प्रामाणिकपणे पुढचं सांगायला हवं.

गाळणीवाले प्लग आणले. पहिल्या दिवशी चुकचुकल्यासारखं वाटलं. स्वतःचा श्वास आणि गिळण्याचा आवाज मोठा येतो, गाडी लांब कुठेतरी चालल्यासारखी वाटते. दर अर्ध्या मिनिटाला आरसा बघत होतो. तिसऱ्या दिवशी ९० वर असताना मागून हॉर्न आला आणि मी आरसा बघायच्या आधी कळलं की तो उजवीकडून आहे. प्लग नसताना त्या वेगाला एवढं कळायचं नाही. परतीच्या वाटेवर साखळीची टकटकही ऐकू आली. उतरून पाहिलं तर साखळी सैल होती. बरेच दिवस असणार, वाऱ्यात बुडून गेली होती.

शहरात, ४० च्या खाली, मी अजूनही काढून ठेवतो. ते मत बदललेलं नाही.

ध्वनिलहर

४० ला वारा फार नसतोच, त्यामुळे त्यात चूक नाही. फक्त हायवेला लागण्याआधी बाजूला थांबून घालायचे, चालत्या गाडीवर नाही.

आडवाट

निरभ्र, खरंच आभार. तुमची शंका तीच माझी होती, त्यामुळे तुमचं उत्तर मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं.

माझंही सांगतो. कानाचा साचा देऊन आलो, प्लग तयार होऊन आले. परवा पहिल्यांदा ३२० किमी गेलो. निघण्याआधी गाडी उभी करून बहिणीला शंभर पावलं लांब स्कूटरचा हॉर्न वाजवायला लावला, मी पाठमोरा, हेल्मेट आणि प्लग घालून. आला. मग रुग्णवाहिकेचा आवाज फोनवर लावून बघितला, तोही आला, डाव्या कानाला जरा उशिरा. आता डाव्या आरशाकडे जास्त बघायची सवय लावून घेतोय. वळणदार यांचा खुंट्यांवरचा प्रयोगही केला. माझं डोकं बरोबर भोवऱ्यात होतं, स्क्रीन दोन खाचा खाली घेतलं.

रात्री दिवा मालवून उशीवर पडलो. गुंई होती, पण रोजचीच, बारीक. रपेटीनंतर जी वर चढते ती चढली नव्हती. त्याखाली पंख्याचा आवाज ऐकू येत होता. तीन पात्यांतलं एक पातं थोडं घासतं, हे मला त्या रात्री कळलं.

एक विचारायचं राहिलं. उजवा प्लग वाकलं की किंचित सैल होतो. मान डावीकडे वळवली तर वाऱ्याची शीळ आत येते. हे सवयीनं जाईल की परत साचा द्यावा?

श्रुतीवाक्

परत जा. जबडा हलला की कानाची नळी आकार बदलते, काहींची जास्त. साचा घेताना तोंड उघडं होतं की मिटलेलं, हे त्यांना विचारा, आणि या वेळी हेल्मेटही बरोबर न्या. घालून, मान वळवून तिथेच दाखवा. शीळ येतेय म्हणजे फट आहे, आणि फट असेपर्यंत उजवीकडे फोम वापरा, तो कान तुमचा चांगला कान आहे.